नावाड्याने परत पाठवलेलं ताट

फार जुनी गोष्ट. नदीच्या दोन काठांवर दोन गावं, आणि दोन्ही गावांत मिळून एकच नावाडी. त्याला पैसे द्यायचे नाहीत, अशी तिथली रीत. ज्याच्या घरी कार्य, त्याने नावाड्याला भरलं ताट वाढायचं. अलीकडे बारसं, पलीकडे साखरपुडा. ताट अर्धं टाकलं तर त्या घराचा अपमान, म्हणून नावाडी शेवटच्या जिलबीपर्यंत सगळं संपवायचा.

व्हायचं तेच झालं. पोट सुटलं. एकदा होडीत बसता बसता एक वरमाय म्हणाली, "मामा, आमची माणसं दोन खेपांत न्या. एकाची जागा तुम्हीच अडवलीत."

होडीभर लोक हसले. नावाडीही हसला, पण बोलणं जिव्हारी लागलं.

घरी येऊन बायकोला म्हणाला, "आजपासून माझ्यासाठी चूल पेटवू नकोस. लिंबूपाण्यावर राहीन."

"आणि वल्हं काय लिंबूपाणी मारणार?"

ऐकतो कोण. बघता बघता गालफडं बसली. काठावरचे लोक म्हणायचे, "मामा, ओळखू येत नाही तुम्ही." शहाण्या माणसाने यातला अर्थ ओळखला असता. हा मात्र फुशारला आणि लिंबूपाणीही कमी केलं.

तशात त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. बाप स्वतः आणायला गेला. नदी भरात होती. मध्यावर त्याचे हात कापू लागले, डोळ्यांपुढे काळोख आला आणि तो होडीत कोसळला. होडी आडवी फिरून खडकांकडे वाहू लागली.

त्याने डोळे उघडले तेव्हा भरल्या पोटाची लेक गुडघ्यांवर बसून वल्हं मारत होती. तळव्यांची सालं निघालेली, ओठ पांढरेफटक. नावाडी नुसता बघत राहिला. उठायला गेला तर पाय हललेच नाहीत. जन्मभर ज्या नदीवर त्याने माणसं उतरवली, तिथे त्याचंच पोर त्याला उतरवत होतं.

काठ लागला. लेकीनेच होडी बांधली.

घरी पोचताच तो ताटावर तुटून पडला. भाकरीवर भाकरी, वर गुळाचे खडे. लेकीने ताट ओढून घेतलं.

"आबा, हा दुसरा वेडेपणा. नदी कधी वल्ह्याच्या एका फटक्यात ओलांडलीत का तुम्ही?"

त्याने हातातला गुळाचा खडा खाली ठेवला. 

दुसऱ्या दिवसापासून वेळेवर जेवू लागला. भाकरी, पालेभाजी, आमटी, ताक. भूक भागेल एवढं, रोज. अंग इतकं सावकाश उतरलं की कुणाच्या लक्षातही आलं नाही. कौतुक करायला कुणी फिरकलं नाही, पण हात कापायचे थांबले.

पुढे एका लग्नात त्याच्यापुढे रीतीप्रमाणे ताट आलं. जिलब्यांची चळत, पुऱ्यांचा ढीग. त्याने भुकेपुरतं काढून घेतलं, एक जिलबी उचलली आणि बाकीचं ताट परत सरकवलं.

 असं आजवर कुणी केलं नव्हतं. नवरीचा बाप लाल होऊन म्हणाला, "आमचं अन्न गोड लागलं नाही वाटतं?"

"गोड आहे पाटील, म्हणून तर हात आखडला. अशीच ताटं खाऊन फुगलो, मग लाजेने उपाशी राहिलो आणि गरोदर लेकीला बुडवायला निघालो होतो. आता तुमच्या लेकीला पलीकडे सासरी न्यायचंय. तुम्हाला ताट संपलेलं हवं की लेक पोचलेली?"

 पाटलाने नवरीकडे पाहिलं. मग स्वतः ताट उचललं आणि पोरांच्या पंगतीत नेऊन वाढलं.

"चला मामा," तो म्हणाला, "होडी सोडा."

तात्पर्य विचाराल तर एवढंच: लाजेपोटी केलेली उपासमार अंगातलं बळ घेऊन जाते. रोज बेताने खायची सवय लावा, मग त्यापायी कुणाची रीत मोडली तरी बेहत्तर.