बाळाची तारीख

एकदा एक तरुण डॉक्टर, मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, एका पोटुशीला कळांचं सलाईन लावायला निघाली. तालुक्याच्या गावातलं ते लहानसं प्रसूतिगृह होतं. ते चालवणाऱ्या वृद्ध डॉक्टरीणबाई तिच्या गुरू होत्या.

पोटुशीचं नाव वैजयंता. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. ती खाटेवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती आणि तिच्या वतीने तिची आईच बोलत होती.

"बाई, तारीख कालच टळली. कोर्टाच्या तारखेलासुद्धा माणूस हजर होतो, हे पोर आत मुरून बसलंय! त्यात जावईबापूंची रजा रविवारी संपते. लावा एकदाचं सलाईन."

"कोर्टाची तारीख चुकली तर वॉरंट निघतं," गुरू म्हणाल्या. "नातवंडावर वॉरंट काढायचंय का?"

आई हसली, पण हट्ट सोडीना. शिष्येलाही वाटलं, साधं सलाईन तर आहे, एवढ्यावरून वाद कशाला?

गुरूंनी वैजयंताचा रक्तदाब पाहिला, बाळाचे ठोके ऐकले, सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी पाहिलं. सगळं ठीक होतं. गर्भपिशवीचं तोंड मात्र अजून घट्ट मिटलेलं होतं. मग त्या शिष्येला म्हणाल्या, "ट्रे आण. त्यात सलाईन ठेव. शेजारी पाण्याची पिशवी फोडायचा आकडा ठेव. पाठीतून भूल द्यायची सुई. बाळाला ओढून घ्यायची वाटी. आणि सिझरचं सामान."

शिष्या गोंधळली. "बाई, हिला फक्त सलाईन द्यायचंय ना?"

"तू ठेव तर."

बंद पुडक्यांनी ट्रे भरला. आईचं हसू मावळलं. "अगं बाई, हे सगळं कशाला?"

"लागेलच असं नाही," गुरू शांतपणे म्हणाल्या. "कित्येकींना नुसतं सलाईन पुरतं. पण शरीर तयार नसताना कळा आणल्या, की कधी त्या फार जोराच्या येतात. सोसवत नाहीत म्हणून भूल द्यावी लागते. ठोक्यांवर सतत लक्ष ठेवायचं म्हणून बाई खाटेला खिळते. बाळ दमलं तर ओढून घ्यावं लागतं, नाहीतर पोट उघडावं लागतं. एकातून दुसरं निघतं. म्हणून सुरुवात करायला कारण तसंच हवं. जावयाची रजा हे कारण नव्हे. आणि तारीख हा आपला अंदाज, तो बाळाला कुणी कळवलेला नाही."

वैजयंता पहिल्यांदाच बोलली. "म्हणजे कळ काढायची?"

"नुसती नाही, लक्ष ठेवून काढायची. उद्या पुन्हा तपासणीला ये. बाळ कमी हललं, पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फार दुखलं, तर उद्याचीही वाट पाहू नकोस. तडक ये."

बुधवारची तपासणी ठीक गेली. गुरुवारी सकाळी मात्र ती डोकं धरूनच आली. रक्तदाब चढला होता. गुरूंनी त्यावर औषध सुरू केलं आणि शिष्येला म्हणाल्या, "आता कळांचं सलाईन लाव."

शिष्येचा हात थबकला. "बाई, परवा तर तुम्हीच नको म्हणालात. आता मलाच त्या ट्रेची भीती वाटते."

"भीती घालायला मांडला नव्हता गं तो. पुढे काय येऊ शकतं ते ठाऊक असावं, एवढ्याचसाठी होता. परवा घाई आपल्याला होती. आज थांबलं तर या दोघांच्या जिवाला धोका आहे."

सलाईन लागलं. कळा जोराच्या आल्या, भूलही द्यावी लागली. दिवस कलताना बाळाचे ठोके मंदावले. गुरूंनी वाटी हातात घेतली तशी आईला रडू फुटलं.

"आई, रडू नकोस," वैजयंता धापा टाकत म्हणाली. "मला माहीत होतं असं होऊ शकतं. बाई, घ्या ओढून."

मुलगी झाली. बाहेर येताच तिने सारी खोली डोक्यावर घेतली.

नंतर हात धुताना शिष्येला उमगलं: औषध मंगळवारी तेच होतं आणि आजही तेच. बदललं होतं ते कारण.

तुमच्या ओळखीत कुणी पोटुशी असेल तर तिला एवढं जरूर सांगा, तिच्या आईलाही सांगा: सलाईन लावून घेण्याआधी डॉक्टरांना विचार, हे कशासाठी, आणि थांबलं तर काय होईल? उत्तर नीट ऐक, आणि मगच काय ते ठरव.