गोगलगायीने चाटलेली काच

एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, काचेच्या पेटीत एक सप्तरंगी मासोळी राहत असे. सप्तरंगी हे जातीचे नाव, बरं का. तिच्या स्वतःच्या अंगावर म्हणाल तर फिक्या चांदीत चिमूटभर हळद, एवढाच काय तो रंग. खरा थाट तिच्या नवऱ्याचा. तो पुढून निळा, मागून केशरी, आणि सकाळी पेटीतला दिवा लागला की त्याच्या कपाळावर एक पट्टी अशी चमकायची की बाकीचे मासे वाट सोडून बाजूला होत. पेटीच्या तळाशी खडी होती, एका बाजूला काचेलगत शेवाळाचे झुडूप होते, आणि वर तरंगणाऱ्या बुचाला बांधलेला हिरव्या लोकरीचा गोंडा पाण्यात लोंबत असे. सगळ्या काचांवर हिरवा थर साचला होता, त्यामुळे बाहेर काय आहे ते आतल्यांना दिसत नसे. अधूनमधून वरून एक हात यायचा. बाहेरच्या जगाची त्यांना ओळख होती ती एवढीच.

मासोळी सकाळी सकाळी त्या गोंड्याच्या धाग्यांत अंडी घाली. टाचणीच्या डोक्याएवढी, आरपार दिसणारी. काही दिवस गेले की हात यायचा, अंड्यांसकट गोंडा उचलून न्यायचा आणि त्याच्या जागी दुसरा कोरा गोंडा सोडायचा. मुलांनो, तुम्हीच सांगा, पोरासकट पाळणा उचलून न्यावा आणि तिथे रिकामा पाळणा आणून टांगावा, हे कोणत्या आईला बघवेल?

"त्या हाताला पोट असणार," मासोळी नवऱ्याला म्हणाली. "वर कुठेतरी. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

"असणारच," नवरा म्हणाला. तो कशालाही असणारच म्हणे.

"मग आजपासून गोंड्यात एकही अंडं घालायचं नाही. तिकडच्या शेवाळात घालू आणि मी स्वतः राखण करीन. एक तरी पोर या डोळ्यांनी बघायचंय मला."

तसे तिने केले. शेवाळात अंडी घातली आणि समोर ठाण मांडून बसली. हात तिकडे फिरकला नाही. पाणी हलले नाही. शेवाळाजवळ कोणी आले नाही. तरीही सकाळी मोत्यांनी लगडलेले शेवाळ दिवस कलेपर्यंत ओकेबोके होई. मासोळी पुन्हा अंडी घाली, पुन्हा राखण करी, आणि पुन्हा तेच. आपल्याला दिसत नाही असे काहीतरी इथे येते, आपल्या अंगाला चाटून जाते आणि खाऊन परत जाते, असे तिला वाटू लागले. तिची झोप उडाली. राखण करताना तिला भूकदेखील लागत नसे. काळजीने माझी भूक मेली, असे ती सगळ्यांना सांगे.

त्या पेटीत एक म्हातारी गोगलगाय होती. काचेवरचे शेवाळ चाटत चाटत ती पार वरच्या काठापर्यंत जाई, म्हणून बाहेरचे थोडेबहुत तिलाच ठाऊक होते. एकदा खाली आल्यावर ती म्हणाली, "पोरी, काठापलीकडे एक बरणी आहे. तिच्यात डोळे आहेत."

"कोणाचे डोळे, मावशी?"

"कोणाचे म्हणून सांगू? नुसते डोळे. जोडीजोडीनं फिरतात. धड नाही, शेपूट नाही. मी थांबले की तेही थांबतात आणि माझ्याकडे बघत राहतात."

त्या दिवशी पेटीत कोणी धड जेवले नाही. मासोळीला मात्र भलताच संशय आला. ही वर जाते, त्या हाताच्या वाटेवर जाते, आणि हिलाच कसे ठाऊक पलीकडे काय आहे ते? गोगलगाय नि पोटात पाय, हे लोक काय उगाच म्हणतात? ती तडक गोगलगायीपुढे जाऊन उभी राहिली. "मावशी, माझी अंडी तू खातेस."

"माझ्या पोटात शेवाळाशिवाय काही नाही गं," गोगलगाय म्हणाली. "पण तोंडानं सांगून तुला पटायचं नाही. तुझ्या त्या शेवाळामागची काच मी चाटून साफ केलीय, बशीएवढी. त्यातून बघ. तुझं तूच बघ."

पण रागाला काचेतून बघायला कुठली सवड? मासोळीने तिच्या शिंगाचा लचका तोडला. ती तोडते म्हणून नवऱ्यानेही एक टोचा मारला, आणि मग बाकीचे कशाला मागे राहतात. गोगलगायीने अंग आत ओढून घेतले, काचेवरून तिचा पाय सुटला आणि शंख खडीवर जाऊन पडला. त्याचे झाकण बंद झाले ते बंदच.

"चोर गेला," मासोळी म्हणाली.

"गेलाच," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मासोळी निर्धास्त मनाने शेवाळापाशी बसली. दुपारी घरातल्यांनी खिडकीचा पडदा ओढला आणि खोली अंधारली. पेटीतला दिवा तेवढा जळत होता. एवढ्यात शेवाळामागे, त्या चाटलेल्या काचेत, तिला दुसरी एक मासोळी दिसली.

फिकी चांदी, चिमूटभर हळद. ती काळोखात उभी होती आणि एकटक बघत होती. तिच्या ओठाला धाग्याने एक अंडे लोंबत होते.

मासोळीच्या अंगावर काटा आला. तरी ती पुढे सरकली. "सापडलीस," ती म्हणाली. पलीकडचीचेही तोंड हलले, पण आवाज आला नाही.

"टाक ते. माझं पोर आहे ते, टाक."

पलीकडचीने टाकले नाही. तिने तोंड मिटले आणि ते अंडे गिळले. आणि त्याच क्षणी या मासोळीच्या घशातून काहीतरी गुळगुळीत खाली उतरले.

ती तशीच राहिली. हळूच तोंड उघडले, पलीकडे तोंड उघडले. मिटले, तिकडेही मिटले. शेवाळ रिकामे होते. हात आला नव्हता, मावशी तर शंखात पडली होती. कुंपणानेच शेत खाल्ले होते. समोर हलेल ते गिळायचे, ही जन्माची खोड. त्या खोडीने आईपणाला विचारलेदेखील नाही. काळजीने मेलेली भूक रोज कुठे भागत होती, तेही तिला आता समजले. तिला स्वतःच्या तोंडाचीच भीती वाटू लागली.

ऊन उतरल्यावर कोणीतरी पडदा सारला. उजेड आला तशी काचेतली ती मासोळी विरून गेली, आणि त्याच जागी पलीकडची बरणी दिसली. बरणीत डोळे होते. जोडीजोडीने फिरत होते. मासोळी पळणार होती, पण पळाली नाही. नीट बघितले तेव्हा डोळ्यांच्या प्रत्येक जोडीमागे केसाएवढे अंग दिसले, काचेसारखे आरपार, आणि त्याच्या टोकाला थरथरणारी शेपटी. बरणीत एक हिरवा गोंडा लोंबत होता. तो तिच्या ओळखीचा होता. वरून तोच हात आला, त्याने चिमूटभर पीठ भुरभुरवले, आणि सगळे डोळे वर धावले.

मासोळी खडीवर आली. "मावशी, चुकलं माझं," ती शंखाला म्हणाली. झाकण उघडले नाही. ती रोज जाऊन तेच म्हणू लागली, आणि रोज परत येऊ लागली. अंडी ती पुन्हा गोंड्यातच घाली, आणि घालून झाली की तिकडे पाठ फिरवून नवऱ्यालाही पलीकडे ढकलत नेई. हात आला की बाकीचे मासे दडून बसत. ती बाजूला होऊन त्याला वाट करून देई.

एके दिवशी झाकण किलकिले झाले. आधी एक शिंग बाहेर आले, मग तुटके दुसरे. गोगलगाय हळूहळू काचेवर चढली आणि थर साचलेली ती जागा पुन्हा चाटू लागली.

तोवर बरणीतल्या पिलांना धड आले होते, एखाद्याच्या पाठीवर निळसर झाकदेखील. ती सगळी काचेशी जमून पेटीकडे बघू लागली. मासोळी धावत पुढे आली. तिचा ऊर मायेने भरून आला, आणि तेवढ्यात तोंड आपोआप उघडले. पाण्यात राहणारीच्या तोंडाला पाणी सुटले म्हणून हसू नका. ती मागे फिरली आणि पार पलीकडच्या टोकाला जाऊन थांबली.

"जवळ जाऊन बघ की गं," गोगलगाय म्हणाली. "तुझीच आहेत."

"नको, मावशी," मासोळी म्हणाली. "इथूनच बरी दिसतात."

तात्पर्य : चोर शोधायला निघताना पहिला उजेड आपल्याच तोंडावर पाडावा. आणि आपली खोड कळली, की जिवापाड माया असलेल्यांपासूनही चार हात लांब राहता यावे; तीही मायाच असते.