टोचनातला मागचा

"...मग धूर कुठून येतो, उस्ताद? सगळं बरोबर बसवलंय मी! एकूण एक बोल्ट तपासलाय!"

रणधीर ओरडतच गॅरेजात शिरला. मी तिथं चहाचे रिकामे कप गोळा करत होते.

माझं हॉटेल रस्त्याच्या पलीकडं. कुंभाळ घाट उतरायला सुरुवात होते, तिथंच. खाली कोकणात जाणारी गाडी माझ्याकडं चहा घेते आणि समोर दस्तगीर उस्तादांचा हात चाकाला लावून घेते. उस्ताद पालथा हात प्रत्येक चाकाजवळ नेतात आणि म्हणतात, "जा." एवढंच. पंचेचाळीस वर्षं झाली. त्यांनी 'जा' म्हटल्याशिवाय आमच्याकडचा ट्रकवाला घाटात चाक घालत नाही.

रणधीर सणगर त्यांचाच चेला. सहा महिने टिकला. "नुसती चाकंच चाचपायला लावताय, शिकवणार कधी?" असं म्हणून गेला तो गेला. सहा वर्षांनी आज उगवला. आणि काय घेऊन आला म्हणता!

घरच. चाकांवर आख्खं घर. आत पलंग, ओटा, संडाससुद्धा. त्याला तो मोटरहोम म्हणत होता. त्या घराच्या पाठीमागं लोखंडी दांड्यानं जोडलेली एक पिवळी छोटी मोटार, चारी चाकं रस्त्यावर टेकलेली. मुक्कामाला पोचलं की घर उभं करायचं, मोटार सोडायची आणि गावभर हिंडायचं. अगं बाई, म्हटलं, घर झालं, वर उंबऱ्याला बांधलेली गाडीपण!

पण त्या पिवळीच्या चाकांतून धूर निघत होता. जळकट वास माझ्या भज्यांच्या कढईपर्यंत आला होता.

आणि घराच्या पायरीवर डोक्याला ओला टॉवेल लावून रणधीरची आई बसली होती. शेवंतावहिनी. तोंड पांढरंफटक.

"मला नको तुझा समुद्र," ती म्हणाली. "मी इथनंच एस्टीनं परत जाते."

"आई, असं नको ना म्हणू!"

खरं दुखणं हे होतं. वहिनींचं वय अडुसष्ट. समुद्र शंभर कोसांवर नाही, घाट उतरला की आलाच. पण त्यांना गाडी लागते. तीनदा निघाल्या, तीनदा घाटातून परत फिरल्या. आईला आडवं पडून जाता यावं म्हणून पोरानं हे घर बांधलं होतं. दोन वर्षं राबून. आणि आज ती पुन्हा परत फिरायला निघाली होती.

उस्ताद बाकड्यावर बसले होते. त्यांनी धुराकडं बघितलं नाही. त्यांनी पिवळीच्या मागच्या दोन दिव्यांकडं बघितलं. गाडी उतारावर उभी होती, नाक खाली करून. आत कुणी नव्हतं. तरी ब्रेकचे दोन्ही दिवे लालभडक पेटलेले.

उस्तादांनी बशीत चहा ओतला.

"मागचीचा ब्रेक कोण मारतंय?"

रणधीर फुलला. "मशीन! माझं स्वतःचं! सीटपुढं डबा ठेवलाय, त्याचा लोखंडी पाय पेडलवर. मी पुढं ब्रेक मारला की धक्क्यावरून त्याला कळतं आणि ते मागं ब्रेक मारतं. माणसाची गरजच नाही, उस्ताद!"

"मग धूर?"

"...तेच तर."

"आन तुला कळलं कधी धूर हाय म्हणून?"

"अलीकडच्या उतारावर मागून एक टेम्पोवाला हॉर्न मारत आला. त्यानं सांगितलं." रणधीरनं घाईघाईनं मोबाइल काढला. "घराच्या सहाही चाकांचं तापमान मला इथं दिसतं. हे बघा. सगळं थंड!"

"पिवळीची चाकं कुठायत ह्यात?"

"पिवळीची नाहीत. ती नुसती मागं येते, उस्ताद. तिला काय करायचंय?"

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"नुसती... मागं येती."

"हो."

"वहिनी कुठं निजल्या हुत्या?"

"मागच्या पलंगावर."

उस्तादांनी आधी मागच्या पलंगाच्या खिडकीकडं, मग दांड्याकडं बघितलं. मी जीभ आवरली, आणि ते मला फारसं जमत नाही.

"उस्ताद, दुरुस्त करून द्या ना!"

"मी काय करत न्हाई. तो डबा काढ तिथनं."

रणधीर पिवळीत वाकला आणि तसाच थांबला. मग आतूनच ओरडला, "उस्ताद! पेडल बोटभर खाली आहे! गाडी उभी आहे, तरी हे दाबूनच बसलंय!"

बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "कळलं! उतारावर नाक खाली गेलं की त्याला वाटतं पुढं ब्रेक लागलाय! पूर्ण उतारभर पाय टेकवून ठेवतं ते! दहा मिनिटं द्या, सेटिंग कमी करतो."

"आन मग?"

"मग..." त्याचा आवाज उतरला. "मग वळणावर ते दाबायला उशीर करतं. पिवळी येऊन दांड्याला धडकते. आख्खं घर हलतं. आईला त्यानंच उलटी होते. महिनाभर हेच चाललंय, उस्ताद. वाढवलं की धूर, कमी केलं की धक्का."

"मग धूर आन धक्का, ह्यांच्या मधी कोण?"

"मध्ये?"

उस्ताद उठले. गुडघे कडाकडा वाजले त्यांचे. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस.

"पुढची मी हाकतो. तू पिवळीत बस."

"मी? मागं?" रणधीरचं तोंड बघण्यासारखं झालं. "उस्ताद, घर मी बांधलंय! पुढं मी बसणार!"

आता इथं आमच्या घाटाचा रिवाज सांगितला पाहिजे. बंद पडलेला ट्रक दोरानं ओढून न्यायचा, त्याला टोचन म्हणतात. टोचनात पुढच्या ट्रकवर कुणीही चालतो, कालचा ड्रायव्हरसुद्धा. मागच्यात मात्र उस्ताद बसतो. कारण पुढचा नुसता ओढतो. दोर ढिला पडू न देणं मागच्याच्या ब्रेकवर असतं. सहा महिन्यांत रणधीरनं हे दहादा बघितलं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काय उगीच?

"टोचनात कोण मागं बसतो रं?" उस्तादांनी विचारलं.

रणधीरनं खाली बघितलं. "...उस्ताद."

"मग बस की."

रणधीरनं डबा काढून घरात ठेवला आणि चाकं निवेपर्यंत आम्ही अर्धा तास थांबलो. तेवढ्यात उस्तादांनी वहिनींपुढं हात जोडले. "वहिनी, एक डाव निजा. पहिल्या तीन वळणांत पोटात ढवळलं तर पलंगाजवळची घंटी मारा. मी सोता तुम्हाला एस्टीत बसवून देतो."

वहिनींनी लेकाकडं बघितलं. मग उस्तादांकडं. आणि आत गेल्या.

"सगुणाबाय," उस्ताद मला म्हणाले, "तू ह्याच्या शेजारी बस. आन तोंड बंद ठेव."

हॉटेल उघडं टाकून मी बसले! भजी कढईत, गल्ला उघडा, आणि मी पिवळीत! लोक काय म्हणतील ते म्हणोत. असली मजा सोडते होय?

उस्ताद खिडकीशी वाकले. "इंजीन चालू ठेव. गाडी न्यूट्रलला. स्टिअरिंगला हात लावायचा न्हाई."

"मग वळणार कशी?"

"दांडा वळवतोय. तुझं काम पायाचं."

निघालो.

समोर काय दिसत होतं? काही नाही. घराची पांढरी पाठ, बस्स. रस्ता नाही, दरी नाही, आभाळसुद्धा नाही. आणि आमच्यासमोर स्टिअरिंग आपोआप गरागरा फिरत होतं. मी जीव मुठीत धरून बसले. रणधीरनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

पहिलं वळण. घराचे ब्रेक लागले. पिवळी पुढं गेली आणि... खाड्!

दांडा वाजला. माझे दात वाजले. पुढं घरात पलंगावर वहिनी!

"आई..." रणधीर कुजबुजला आणि त्यानं ब्रेक दाबला. असा दाबला की मोटार मागं ओढायला लागली. दांडा करकरला. घर पुढं ओढतंय, आम्ही मागं ओढतोय. आणि हा गडी पाय उचलेना. वळण संपलं, तरी उचलेना. घाबरला होता बिचारा. कपाळावरून घाम गळत होता.

वास आला. तोच, जळकट.

उस्तादांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. पण मी काय मेल्यावर बोलू?

"अरे मेल्या, उचल की पाय! तूच झालास मशीन!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. पाय उचलला. करकर थांबली.

दुसरं वळण. या वेळी रणधीर घराच्या दिव्यांकडं बघत नव्हता. त्यानं मान तिरकी केली होती. ऐकत होता. दांडा जरासा 'खट्' म्हणाला, यानं हलकेच दाबलं. 'कर्र' व्हायच्या आत उचललं. पुन्हा खट्. दाबलं. उचललं.

"सगुणामावशी!" तो ओरडला. "ऐकू येतंय का? तो सांगतोय! दांडा सांगतोय!"

"मला काय विचारतोस, तिकडं लक्ष दे!"

तेवढ्यात समोर काहीतरी आडवं आलं असणार. आम्हाला कुठलं दिसतंय! घर एकदम दबलं. जोरात. मी डोळे मिटले आणि खाड् व्हायची वाट बघत बसले...

काहीच झालं नाही.

डोळे उघडले तर रणधीरचा पाय वर येत होता, अलगद, आणि घर पुन्हा चालू लागलं होतं. डावीकडून एक म्हैस निवांत मागं गेली.

"दांडा वाजला नाही!" तो म्हणाला. "मावशी, वाजलाच नाही!"

"घंटीपण वाजली नाही," मी म्हटलं.

खरंच. तीन वळणं होऊन गेली होती. घंटी नव्हती. चौथं झालं, पाचवं झालं. पुढं मी मोजायचं सोडलं. रणधीर हसत होता, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. मी त्याला पदर दिला नाही, कारण त्याचा पाय कामात होता आणि मला कशातही लुडबूड करायची नव्हती. त्या दिवशी तरी.

पायथ्याला झऱ्यापाशी उस्तादांनी घर थांबवलं. उतरले. चाकाखाली दगड लावला. मीही उतरले आणि आधी जमिनीला हात लावून नमस्कार केला.

उस्तादांनी घराच्या दारावर टकटक केलं. उत्तर नाही. पुन्हा केलं. मग दार उघडलं आणि शेवंतावहिनी बाहेर आल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ.

"डोळा लागला होता माझा," त्या म्हणाल्या. "घाट कधी सुरू होतोय?"

"झाला, वहिनी."

"झाला?" त्यांनी वळून वर बघितलं. घाट आमच्या मागं होता. आख्खा. "अगं आई गं! उतरलो आपण? मग समुद्र कुठाय?"

"अजून तीस किलोमीटर."

"मग थांबलाय कशाला इथं? चला की!"

मी हसले, वहिनी हसल्या. उस्ताद मात्र पिवळीभोवती फिरत होते. पालथा हात एका चाकाजवळ, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या. मी पण हात नेऊन बघितला. कोमट. चहाचा कप निवल्यावर असतो तेवढाच.

रणधीर अजून आतच बसला होता. काच खाली करून नुसता ओसंडत होता.

"उस्ताद! मला कळलं! सगळं कळलं! मशीननं पुढचीचा ब्रेक बघायचाच नाही! दांड्यावरचा ताण मोजायचा! ढकललं की दाबायचं, ओढलं की सोडायचं! चार महिन्यांत करून दाखवतो! आणि पिवळीच्या चाकांनापण तापमान लावतो. मागं कॅमेरा लावतो! आता कुठलाच घाट मला अडवू शकत नाही. मला आता शिकायचं काही उरलं नाही, उस्ताद! आता तरी म्हणा, 'जा'!"

उस्ताद त्याच्या खिडकीशी गेले नाहीत. ते चालत पिवळीच्या मागं गेले आणि तिथं कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

मी पण गेले बघायला.

गाडी सपाटीला उभी. इंजीन बंद. चाकाखाली दगड. आणि मागचे दोन्ही दिवे लालभडक पेटलेले.

"उस्ताद?" आतून रणधीरनं हाक मारली. "म्हणा ना..."

उस्तादांनी ते दिवे बराच वेळ बघितले.

"गाडी थांबली रं बाबा," ते म्हणाले. "आता तरी पाय उचल."