नखांतली माती

त्या राज्यात सपाट जागा नव्हती. सगळा मुलूख एका डोंगराच्या अंगावर तिरपा वसलेला. तिथे जन्मणारा आधी न घसरता उभं राहायला शिके आणि मग चालायला. फार पूर्वी कुणीतरी बेफाम उकरलं होतं आणि डोंगराची एक कूस वस्तीसकट खाली आली होती. उरलेल्यांनी शहाणपणा करून कायदा केला, की विचारल्याशिवाय कोणी माती हलवायची नाही. कायदा चांगला होता. पण तो करणारे गेले, तो का केला हे आठवणारेही गेले, आणि कायदा तेवढा खाऊनपिऊन वाढत राहिला.

वाढता वाढता तो नखांपर्यंत आला. ओढ्याच्या काठावर टिटव्यांचा पहारा बसला. पाणी प्यायला येणाऱ्याने आधी पंजे पुढे करायचे, टिटवी वाकून बघणार, आणि नखांत माती दिसली की ओरडून आकाशपाताळ एक करणार. त्यामुळे राज्यात नखं घासण्याची मोठी रीत पडली. आया पिल्लांना पाजण्याआधी त्यांची नखं चाटून काढत. सोयरीक ठरवताना बीळ, कुळी, खाणंपिणं सगळं राहिलं बाजूला, 'नखाने निर्मळ आहे ना?' एवढंच विचारत. ज्यांचा जन्मच उकरण्यासाठी, तेसुद्धा नखं पोटाखाली दडवून बसू लागले होते.

डोंगराच्या मध्यावर साळू नावाची एक साळिंदर मादी राहत होती. तिच्या बिळात दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून गवतासारखे मऊ होते आणि वर आभाळात घार फिरत होती. काटे कडक होईपर्यंत पिल्लांना उघड्यावर काढणं म्हणजे घारीला आमंत्रण देणं. म्हणून साळू एकटीच बाहेर पडे आणि धावतपळत परत येई.

तिच्या बिळाच्या वरच्या अंगाला रानडुकराचा वावर होता. तो रोज मुसंडी मारून कंद काढी आणि अख्खा उतार नांगरल्यासारखा करून ठेवी. त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं, तर दरबारचं उत्तर तयार असे: डुक्कर उकरत नाही, जेवतो; आणि जेवणाला परवाना लागत नाही. शिवाय त्याला खूर. खुरांबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हतं.

एके दिवशी बिळाकडे परतताना साळूला वरच्या मातीत एक फट दिसली. तिने पंजा घातला, तो आत गेला. फटीखालचा सगळा उंचवटा बिळाच्या डोक्यावर नुसता टेकून उभा होता. साळूच्या अंगावरचे काटे आपोआप उभे राहिले. काय करायला हवं, हे तिला तत्क्षणी कळलं होतं. उंचवटा वरून उतरवत आणायचा, माती शेजारच्या घळीत लोटायची, उताराला सौम्य करायचं. तिच्यासारखीला एका सकाळचं काम.

तिने पहिला पंजा उचललाही होता. तेवढ्यात खडकावर ऊन खात पडलेली घोरपडमावशी म्हणाली, "सशाचं विसरलीस का गं?"

साळू विसरली नव्हती. सशाने न विचारता बिळाचं तोंड रुंद केलं होतं. दरबाराचा हुकूम निघाला, होतं तसं करा. आणि शेजाऱ्यांनीच मिळून बीळ बुजवलं. ससा तेव्हा आत होता की बाहेर, हे कुणी विचारलं नाही.

"जा, रीतसर विचारून ये," घोरपडमावशी म्हणाली. "परवाना मिळाला ना, की आम्ही सगळेच येऊ हात लावायला. एकटीने कशाला मरतेस?"

साळूने पंजा खाली ठेवला, धुतला आणि ती दरबारात गेली.

दरबार म्हणजे डोहात एका पायावर उभा असलेला बगळा. त्याचे डोळे मिटलेले होते. साळूने घडाघडा सगळं सांगितलं. बगळ्याने डोळे न उघडता ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "काम रास्त आहे. कोण नाही म्हणतंय? वरच्याची संमती आण, खालच्याची संमती आण. माती कुठे जाईल ते सांग, पाणी कुठून जाईल ते सांग. उघड्या मातीवर गवत लावीन अशी शपथ घे. मग मोजणीबाई येऊन रेघ ओढतील. रेघेवरची माती काढायची, रेघेखालच्या मातीला हात लावायचा नाही. रेघ नाही, तर सपाटीचा परवाना नाही."

साळू धावली. डुकराने कंद चघळत संमती दिली. "माझी कसली हरकत? पण कंद निघाले तर माझे, आधीच सांगून ठेवतो." खालच्या खेकड्याची संमती मिळवायला जास्त वेळ गेला, कारण तो प्रत्येक वेळी हो म्हणून बाजूला सरके आणि त्याला पुन्हा शोधावं लागे. शपथ घेऊन झाली. राहिली मोजणी.

मोजणीबाई म्हणजे गोगलगाय. ती धबधब्याखालच्या शेवाळात राहत असे. दिसायला गरीब, बोलायला गोड. गोगलगाय नि पोटात पाय ही म्हण तिच्यावरूनच पडली असावी. "येईन की," ती म्हणाली. "कामाला मी कधी नाही म्हटलंय? पण बाई, कोरड्यात मला सरकता येत नाही आणि माझी रेघही उमटत नाही. एकदा पाऊस पडू दे."

साळू बगळ्याकडे परतली. बगळा म्हणाला, "पावसात माती हलवायला सक्त मनाई आहे. पावसाळा संपला की ये."

"पण पावसाळा संपला की मोजणीबाई येत नाहीत."

"मग पाऊस पडल्यावर ये."

साळू डोहाकाठी बसून राहिली. तिला रडू फुटेना आणि रागही येईना. बगळा खरं बोलत होता, गोगलगायही खरंच बोलत होती. त्या दोन खरेपणांच्या मध्ये तिची पिल्लं झोपली होती आणि पलीकडच्या डोंगरावर ढग जमायला लागले होते. दाद मागावी तर कुणाविरुद्ध, हेच तिला समजेना.

मग तिला एक युक्ती सुचली. पुढे तिने त्या क्षणाला कितीदा बोल लावला असेल, याची गणती नाही. तेव्हा मात्र ती आनंदाने उड्या मारायचीच बाकी राहिली होती. पाऊस नसेना का, वाट तर ओली करता येईल! ती ओढ्यावर गेली, टिटवीला नखं दाखवली, तोंडभर पाणी घेतलं आणि गोगलगायीपुढे जमिनीवर सोडलं. गोगलगायीने शिंगं बाहेर काढली, ओल चाचपली आणि ती पुढे सरकली.

असं साळूने तिला धबधब्यापासून डोंगराच्या मध्यापर्यंत आणायला घेतलं. ओढ्यावर जायचं, नखं दाखवायची, तोंड भरायचं, वाटेवर ओतायचं आणि पुन्हा ओढ्याकडे वळायचं. उन्हात जमीन पाणी पिऊन टाकी. "इथे कोरडं लागतंय हं," असं गोगलगाय म्हणाली की साळू धावत सुटे. तिला खायला सवड नव्हती. दूध आटत चाललं होतं. वाट बिळाशेजारून जात होती, तिथून जाताना ती क्षणभर आत डोकावे. मोठं पिल्लू तिच्या पायांत घुटमळत विचारी, "आई, तू बोलत का नाहीस? तोंडात काय आहे? आम्हाला आणलंस?" साळूच्या तोंडात पाणी असे. उत्तर द्यावं तर ते सांडलं असतं. ती नुसती मान हलवी आणि पुढे जाई. धाकटं विचारतही नसे. ते रिकाम्या पोटाने आईच्या वासाला चिकटून झोपायचं.

अखेर गोगलगाय उतारावर पोहोचली. ढग आता ह्या डोंगरावर आले होते, पण थेंब पडला नव्हता. साळूला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. रेघ पडली की ती आणि शेजारी मिळून संध्याकाळच्या आत उंचवटा उतरवतील आणि मग खुशाल कोसळू दे आभाळ.

गोगलगाय फटीच्या काठाने निघाली. थोडी सरकली आणि थांबली. "रेघ तुटक येतेय. तुटक रेघ दरबारात चालत नाही. इथे चांगलं ओलं करून दे."

साळूने पाणी आणलं, पण तोंडातून सोडेना. तिच्या पंजांना खालची माती कळत होती. तिने ते पाणी बाजूला टाकलं आणि म्हणाली, "मोजणीबाई, इथे पाणी नको. ही माती भिजली तर धरायची नाही. जरा वरून नाही का जाता येणार?"

"वरून कशी जाऊ? रेघ जिथे पडायची तिथेच पडते," गोगलगाय मायेने म्हणाली. "तुझी इच्छा नसेल तर मी परत फिरते. पुन्हा विचारणा कर, पुन्हा येईन. मला काय?"

परत फिरायचं म्हणजे धबधब्यापर्यंतची सगळी वाट परत. साळूने वर ढगांकडे पाहिलं, खाली बिळाकडे पाहिलं. मग ती ओढ्याकडे पळाली.

तिने आणलेलं पाणी फटीच्या काठावर ओतलं. फटीने ते गिळलं. तिने पुन्हा आणलं, फटीने तेही गिळलं. रेघ मात्र लखलखीत उमटत होती. खडकावरून घोरपडमावशी ओरडली, "साळू, अगं फट पाणी पितेय!" साळूला दिसत होतं. आंधळी नव्हती ती. पण रेघ आता वीतभरच उरली होती. वीतभर रेघेसाठी एवढं सगळं सोडून द्यायचं, हे कुठल्या आईला जमलं असतं? एकच खेप, मग परवाना. ती शेवटच्या खेपेला ओढ्यावर गेली.

टिटवी वाकून तिची नखं बघत असतानाच मागे आवाज झाला. फार मोठा नव्हता. एखाद्या म्हाताऱ्याने खाली बसताना सोडलेल्या सुस्काऱ्यासारखा होता.

साळू धावत आली तेव्हा उतार उरला नव्हता. त्या राज्यात कुणी कधी पाहिली नव्हती अशी एक सपाट जागा तिथे पसरली होती. बिळाचं तोंड कुठे होतं, हे तिलाही सांगता येत नव्हतं. काठावरच्या एका दगडावर गोगलगाय सुखरूप बसली होती. "वीतभरच राहिली होती बघ," ती हळहळली.

साळूने मातीत पंजा घातला आणि ओढ्यावरून मागोमाग आलेल्या टिटव्यांनी एकच कल्लोळ केला. शेजारी जमले: घोरपडमावशी, मुंगूस, खवल्या मांजर, आणि उकरण्यात ज्यांचा हात कुणी धरणार नाही असे कितीतरी जण. त्यांचे डोळे पाणावले होते. बगळाही आला. तो अगदी झटकन आला. त्याला उडता येतं, हे साळूला त्या दिवशी कळलं.

"थांब," बगळा म्हणाला. "एकटी किती उकरशील? आणि उकरलंस तरी, होतं तसं करा म्हणून हुकूम निघेल. मी इथल्या इथे निकाल देतो. मंजुरी मिळाली की सगळेच हात लावतील."

"लावू, लावू," सगळे म्हणाले. "मंजुरी तेवढी होऊ दे." आणि खरोखरच सगळे पंजे सरसावून उभे राहिले. इतके पंजे! साळूने ते पाहिले आणि दातांवर दात दाबून ती थांबली.

बगळ्याने चोचीत एक वाटोळा गोटा आणला होता. जागा सपाट की उतरती, हे ठरवायची दरबारची परीक्षा तीच होती. त्याने तो त्या जागेच्या मधोमध ठेवला. गोटा घरंगळला नाही.

"जागा सपाट आहे," बगळा म्हणाला. "सपाट जागेला सपाटीचा परवाना देता येत नाही."

तेवढ्यात गोटा हलला. थोडासाच हलला आणि थांबला. मग खालून कुणी डोकं लावावं तसा पुन्हा हलला.

"हलला!" साळू किंचाळली. "बघा, जिवंत आहेत! हलला, म्हणजे जागा सपाट नाही. द्या परवाना, पाया पडते तुमच्या, द्या!"

बगळ्याने डोळे मिटले. "हलला हे खरं. म्हणजे जागा अजून बसलेली नाही. न बसलेल्या जागेला कुणी हात लावायचा नाही. बसली की पुन्हा ये."

साळूने चारी बाजूंना पाहिलं. सरसावलेले पंजे एकेक करून मागे जात होते. मग तिने गोटा भिरकावून दिला आणि ती उकरू लागली. माती तिच्या नखांत भरली, तोंडात गेली, डोळ्यांत गेली. ती पिल्लांना हाका मारत होती आणि आता तिच्या तोंडात पाणी नव्हतं.

"कोण उकरतंय?" टिटव्या ओरडल्या. "नखं! नखं दाखवा!"

आणि त्या जागेभोवती कडं करून उभ्या असलेल्या सगळ्यांनी, मुंगसाने, खवल्याने, घोरपडमावशीनेही, मान खाली घालून आपापले पंजे पुढे केले. टिटव्या एकेकापुढे वाकून बघत गेल्या. सगळ्यांची नखं स्वच्छ होती.