झोका न घेतलेला दोर

एका गावात एकच धंदा चालायचा, दोर वळायचा. बांधाबांधावर घायपात माजलेलं असायचं. त्याची फक्त जून पानं कापायची, पाण्यात कुजत घालायची, धुऊन वाख, म्हणजे आतले धागे काढायचे आणि त्या वाखाला पीळ द्यायचा. पंचक्रोशीतल्या विहिरींवर याच गावचा दोर असायचा. बापाने घेतलेला दोर पुढे लेक वापरायचा.

या गावाची एक रीत होती. दोर तयार झाला की तो खाणीवरच्या वडाला बांधायचा आणि ज्याने वळला त्यानेच त्याला धरून खाणीवर झोका घ्यायचा. खाली नुसते दगड. दोर तुटला की हाडं मोडलीच म्हणून समजा. आता सांगा, अशा वेळी पीळ ढिला ठेवायची कुणाची छाती होईल?

गावातला दोरांचा कारखाना दोघा भावांचा होता. थोरला कारभार बघायचा. धाकटा झोक्याजवळ उभा राहायचा, घाबरणाऱ्याला धीर द्यायचा आणि कधी कधी मजा म्हणून स्वतःच झोका घेऊन यायचा. सगळ्या गावाचा तो लाडका होता आणि थोरल्याचा तर जीव की प्राण. आई गेल्यावर थोरल्यानेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

एका वर्षी दोराला मागणी वाढली. थोरल्याचे डोळे फिरले. तो म्हणाला, "पानं कुजेपर्यंत माणसं हातावर हात ठेवून बसतात. हे परवडायचं नाही. आता कुजवणं बंद. हिरवी पानंच खरवडायची."

धाकटा म्हणाला, "दादा, माणसं रिकामी बसतात हे खरं आहे. मग त्या वेळात बांधावर नवं घायपात लावू. नव्या सुनांना पीळ द्यायला शिकवू. म्हाताऱ्यांचे हात थकले की पुढे कोण वळणार?"

"त्याला वर्षं लागतील रे! मला दोर आज हवाय."

मग काय, जून पानं संपली तशी कोवळी कापली. कोवळी संपली तशी गाभ्यालाच कोयता लावला. बांध उघडे बोडके झाले. सगळ्यात सावकाश वळायची ती एक म्हातारी मावशी. तिला पहिल्यांदा घरी बसवलं. तिच्यामागून बाकीचे जुने हातही गेले. मावशी जाताना आपल्या हातचा एक दोर तेवढा खांद्यावर टाकून घेऊन गेली, डोंगरापलीकडे लेकीकडे.

शेवटी थोरल्याने झोकाही बंद केला. धाकटा कळवळून म्हणाला, "दादा, बाकी काय करायचं ते कर, पण झोका ठेव. वळणाऱ्याला आपल्या जिवाची भीती उरली नाही, तर दुसऱ्याच्या जिवाची कशी वाटेल?"

"झोके खेळायचं वय राहिलं का तुझं? तुला काम नाही ना आता? मग जा, गावविहिरीतला गाळ काढ."

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तशातला माणूस. त्याच्या नादी कोण लागणार?

नवे दोर ढिगाने निघू लागले. पण लोकांच्या घरी जुने दोर धडधाकट होते, मग नवे घेणार कोण? थोरल्याने दवंडी पिटवली, "जुना दोर आणा, नवा घेऊन जा, अगदी स्वस्तात!" लोक भुलले. नवा दोर दिसायला पांढराशुभ्र, हाताला गुळगुळीत. जुन्या दोरांचा ढीग थोरल्याने स्वतःच्या हाताने पेटवून दिला. का, तर ते परत कुणाच्या हाती लागू नयेत.

उन्हाळ्यात एके सकाळी गावविहिरीची एक बाजू ढासळली. पायऱ्यांसकट ढासळली. खाली धाकटा गाळ काढत होता. दगडाने त्याचा एक खांदा निखळला आणि दरडीआडचा झरा फुटून पाणी चढू लागलं. सगळा गाव काठावर धावला. थोरलाही धावत आला. कारखान्यातून तसाच निघाला होता, त्याच्या हातात नवाकोरा दोर होता.

"मालक, सोडा की तो खाली!" लोक ओरडले.

थोरल्याने हातातल्या दोराकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा नको," तो म्हणाला. "जुना... जुना दोर आहे का रे कुणाकडे?"

सगळे आपापल्या घरातला पांढराशुभ्र दोर आठवू लागले. त्याच दोरांनी रोज त्यांच्या बायका-मुली पाणी शेंदत होत्या.

एकाला मावशीची आठवण झाली. तो डोंगरापलीकडे पळत सुटला. इकडे पाणी धाकट्याच्या छातीला लागलं. खालून त्याची हाक आली, "दादा, तुझ्या हातात दोर दिसतोय की! सोड ना रे!"

आता काय सांगायचं त्याला? थोरल्याने नव्या दोराचे तीन पदर केले आणि खाली सोडले. धाकट्याने एका हाताने कसाबसा कमरेला वेढा घेतला. माणसं ओढू लागली. तो अर्ध्यावर आला, त्याचं तोंड दिसू लागलं. दादाकडे बघून तो हसलासुद्धा. तेवढ्यात काठाच्या दगडाशी एक पदर तुटला. मग दुसरा. मग तिसरा. हिरव्या पानांचा वाख वाळून काडीसारखा ठिसूळ झाला होता.

मावशी दुपारी आली. दोर खांद्यावर घेऊन, धापा टाकत, अनवाणी आली. विहिरीत तेव्हा नुसतं पाणी होतं. ती रागाचा एक शब्द बोलली नाही. दोराचं टोक पुढे करून तिने एवढंच विचारलं, "लेका, कोण उतरतंय?"

थोरला उतरला. त्या जुन्या दोराने त्याला खाली नेलं आणि भावाला छातीशी धरून वर येताना दोघांचाही भार पेलला. दोर कुठे जरासुद्धा कुरकुरला नाही.

तेराव्यानंतर थोरल्याने घरोघरी जाऊन नवे दोर परत आणले. झोक्याची रीत पुन्हा सुरू करायची म्हणून तो मावशीच्या पाया पडला. ती म्हणाली, "शिकवीन रे, जीव आहे तोवर शिकवीन. पण वळायचं कशाचं?" बांधावर एक पानही उरलं नव्हतं.

आता तो रोज बांधावर घायपाताची रोपं लावतो. त्यांची पानं जून व्हायला वर्षं लागतील.

तात्पर्य: जी वस्तू आपल्या माणसासाठी वापरायला आपलाच हात कचरतो, ती घाईने जगाच्या हाती देऊ नये, आणि पुढच्या पिढीची रोपं व पुढच्या पिढीचे हात आजच्या कामातूनच घडवावेत, संकट काठावर आल्यावर ते मिळत नाहीत.