शेवरीची तीन पाने

एका राज्यात राजाला अक्षरओळख नव्हती. उग्रवर्मा त्याचे नाव. तलवार त्याची, मोहोर त्याची. लिहिणे मात्र रुद्रंभटाचे. तीस वर्षे रुद्रंभट आज्ञा लिहीत होता आणि राजा त्यांवर मोहोर उठवीत होता. काय लिहिले आहे, हे त्याने कधी विचारले नाही.

एके वर्षी राजाचे बारा घोडे एका दिवसात मेले. प्रधान म्हणाला, "गवतवाल्या शेवरीने विष घातले." खरे तर कोठारातल्या चाऱ्याला बुरशी लागली होती, आणि कोठार प्रधानाच्या भावाचे होते. रुद्रंभटाला हे ठाऊक होते. तो बोलला नाही. त्याने सुबक अक्षरांत आज्ञा लिहिली, राजाने मोहोर उठवली आणि शेवरीला कड्यावरून लोटून दिले.

शेवरीचा बाप भैरुंड मांत्रिक होता. तेव्हा तो दूर डोंगरात साधनेला बसला होता. नवव्या दिवशी तो परतला आणि तडक राजवाड्याच्या अंगणात येऊन उभा राहिला. राजकन्या मंजुघोषा तिथे फुले वेचत होती. भैरुंडाने बोट उचलले. ती जागच्या जागी पाषाणाची झाली.

"राजा," तो म्हणाला, "स्वतःच्या हाताने तीन पाने लिही. पहिल्यात माझी मुलगी दिसली पाहिजे. दुसऱ्यात काय घडले ते कळले पाहिजे. तिसऱ्याने माझे मन वळले पाहिजे. माझी साळुंकी पाने पारखील. या मूर्तीच्या टाचेला तडा गेला आहे. तो गळ्याला पोहोचला, की तुझी मुलगी माती झाली असे समज."

एवढे बोलून तो निघून गेला. साळुंकी मागे राहिली.

राजाने रुद्रंभटाला बोलावले. "भटजी, मला लिहायला शिकवा."

धूळपाटी आली. ज्या बोटांनी फक्त मोहोर धरली होती, ती धुळीत 'अ' गिरवू लागली. अक्षरे हाती यायला चार महिने गेले. तोवर तडा गुडघ्यापर्यंत चढला. राजा रोज मूर्तीपाशी जाई, तडा वितीने मोजी आणि परत पाटीपाशी येऊन बसे.

मग पहिले पान झाले. 'शेवरी चंद्रमुखी होती, कमलनयना होती, हंसासारखी चाले.'

साळुंकी म्हणाली, "ही कोण? मी हिला ओळखत नाही."

"महाराज, हे कोणत्याही मुलीला चालेल," रुद्रंभट म्हणाला. "तुम्ही शेवरीला पाहिले होते?"

"नाही."

"मग आधी जमवा. जमवलेले जुळवा. जुळवलेले लिहा. लिहिलेले खोडा. मग नव्या पानावर उतरवा."

राजा अनवाणी गवतवाल्यांच्या वस्तीत गेला. पहिल्या दिवशी कोणी दार उघडले नाही. तिसऱ्या दिवशी गोदूबाई नावाची एक म्हातारी उंबऱ्यात बसली आणि बोलली. राजाने ऐकले, परत येऊन लिहिले, अर्धे खोडले, पुन्हा लिहिले.

'भारे वाहून शेवरीचा डावा खांदा उतरला होता. विळ्याने कापलेल्या बोटाला ती हिरवी चिंधी बांधी. हसताना तोंडावर हात धरी, कारण पुढचा एक दात पडला होता. गवतात अंडी दिसली, तर तेवढा तुकडा ती न कापता सोडून देई.'

साळुंकीने पान शेवटपर्यंत पाहिले. मग म्हणाली, "हीच ती." पान चोचीत धरून ती उडाली. त्या दिवशी मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आले. पण तडा थांबला नाही. तो कमरेपर्यंत आला.

दुसरे पान राजाने एका बैठकीत लिहिले. 'घोडे मेले. संशय आला. आज्ञा निघाली. मुलगी कड्यावरून पडली.'

साळुंकीने विचारले, "आज्ञा आपोआप निघाली? मुलगी आपण होऊन पडली?"

राजाची मान खाली गेली. त्याने चारही ओळी खोडल्या. 'प्रधानाने आळ घेतला. मी शेवरीला काही विचारले नाही. मी आज्ञा वाचली नाही. मी मोहोर उठवली. माझ्या शिपायांनी तिला लोटले.'

साळुंकी पानाभोवती फिरली. "एक माणूस गाळला आहे," ती म्हणाली.

"कोण?" राजा म्हणाला. "मला दुसरा कोणी ठाऊक नाही."

 गप्प राहिलो तर कोणाला कळणार नाही, असे रुद्रंभटाच्या मनात आले. तेवढ्यात अंगणात दगड करकरला. तडा आणखी चढला होता.

"मी आहे, महाराज," तो म्हणाला. "प्रधानाच्या भावाच्या कोठारातल्या चाऱ्याला बुरशी होती, हे मला ठाऊक होते. ठाऊक असून मी आज्ञा लिहिली. प्रधानाची भीती वाटली."

राजाने त्याच्याकडे पाहिले. त्याचा हात कमरेच्या तलवारीवर गेला, थांबला आणि पुन्हा बोरूकडे आला.

"हे कुठे घालू?" त्याने विचारले.

"जिथे घडले तिथे, महाराज. तुमच्या मोहोरेच्या आधी." रुद्रंभट म्हणाला.

राजाने ते वाक्य तिथे घातले. साळुंकी पान घेऊन गेली. मूर्तीची बोटे ऊबदार झाली. प्रधान आणि त्याचा भाऊ त्याच संध्याकाळी बेड्यांत पडले. पण तडा आता छातीवर होता.

तिसऱ्या पानावर राजाने सोने देऊ केले, अर्धे राज्य देऊ केले. साळुंकीने पानाकडे पाठ फिरवली.

"हे पान कोणासाठी आहे, महाराज?" रुद्रंभटाने विचारले.

"भैरुंडासाठी."

"त्याला काय हवे आहे?"

"त्याची मुलगी."

"ती तुम्ही देऊ शकत नाही."

"मग मागू कशाच्या बळावर?"

"जे खरे आहे त्याच्या. दुसरे काही आपल्यापाशी नाही."

राजाने लिहिले. लिहिताना कागद दोनदा भिजला, दोनदा नवा घ्यावा लागला. 'शेवरीसाठी माझ्यापुढे कोणी शब्द टाकला नाही, आणि टाकला असता तरी मी ऐकला नसता. म्हणून मागण्याचा अधिकार मला नाही. पण मंजुघोषाने काही केले नाही, जसे शेवरीने काही केले नव्हते. मी जे केले, ते तुम्ही करू नका. शिक्षा मला द्या.'

या वेळी साळुंकी उडाली नाही. तिने हाक दिली आणि भैरुंड स्वतः दारात उभा राहिला. त्याने पान वाचले, पुन्हा वाचले.

"याला कोणी शिकवले?"

रुद्रंभट पुढे झाला. "मी."

"त्या दिवशी एवढे तू लिहायला हवे होतेस."

"हो," रुद्रंभट म्हणाला. 

भैरुंडाने मूर्तीच्या गळ्याशी हात ठेवला. तडा तिथे पोहोचायला केसभर उरला होता. दगड मऊ झाला, श्वास सुरू झाला आणि मंजुघोषा बापाच्या अंगावर कोसळली. राजा रडू लागला. भैरुंड थोडा वेळ त्या दोघांकडे पाहत राहिला, मग साळुंकीला खांद्यावर घेऊन डोंगराकडे चालू लागला. त्याच्या घरी वाट पाहणारे कोणी नव्हते.

पुढे राज्याची घडी नीट बसली. राजा प्रत्येक आज्ञा स्वतः वाची आणि ज्याच्यावर आळ असे त्याला समोर बसवून ऐकवी. रुद्रंभटाने चाकरी सोडली. राजाने शिक्षा दिली नाही, म्हणून ती त्यानेच शोधली: गवतवाल्यांच्या वस्तीत झाडाखाली धूळपाट्या मांडून तो रोज बसू लागला. सात दिवस कोणी फिरकले नाही. बायका येता-जाता पाहत आणि तोंड फिरवत.

आठव्या दिवशी गोदूबाई आली. भारा उतरवून त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"गोष्टीबिष्टी नकोत मला," ती म्हणाली. "आमचं म्हणणं राजाला कसं लिहायचं, तेवढं शिकवा."

रुद्रंभटाने पाटी तिच्याकडे सरकवली. "आधी सांगा," तो म्हणाला, "तुमचं म्हणणं काय आहे?"

ती सांगू लागली आणि तो ऐकत बसला.