चिटुकली आणि फटफटीचा दिवा

बुधवार होता. माई दारात शेंगा फोडत बसली होती. फट्. फट्. फट्.

फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग.

"आई, मी विमल. आज येतेय. बाळाला घेऊन. साडेसहाच्या एसटीने."

"ये गं बाई," माई म्हणाली. "फाट्यावर थांब. मी घ्यायला येते."

फाटा लांब होता. थंडीचे दिवस होते. अंधार लवकर पडायचा. पण माईकडे आप्पांची फटफटी होती. जुनी, हिरवी, जड फटफटी. आप्पा आता नव्हते. फटफटी होती. माईला ती चालवता यायची. आप्पांनीच शिकवली होती.

माईने किक मारली. फट् फट् फट् फट्. फटफटी सुरू झाली. माईने दिव्याचं बटण दाबलं. खट्.

दिवा लागेना.

पुन्हा दाबलं. खट्.

दिवा लागेना.

"उंदरांनी वायर खाल्ली असणार," माई म्हणाली. तिने फटफटी बंद केली आणि पायरीवर बसून राहिली.

फटफटीला एक छोटी पेटी होती. पाने आणि पकड ठेवायची पेटी. त्या पेटीत चिटुकली राहायची. चिटुकली म्हणजे उंदराची एवढीशी पोर. आप्पा तिला रोज एक शेंगदाणा द्यायचे. म्हणायचे, "शेंगदाणा खा. वायर खाऊ नको." चिटुकली म्हणायची, "नाही खाणार."

आप्पा गेले. शेंगदाणा बंद झाला. पण चिटुकलीने वायर खाल्ली नाही. एकदाही नाही.

"मी नाही खाल्ली," चिटुकली म्हणाली. पण इतकं हळू, की माईला ऐकूच गेलं नाही.

मग चिटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली दिव्याकडे.

"दिवेदादा, दिवेदादा, लाग ना.
माई जाईल कशी? बाळ येईल कसं?"

दिवा म्हणाला, "लागेन की. पण लाल वायर वीज आणेना. ती आणेल, तेव्हा लागेन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिटुकली गेली लाल वायरकडे.

"आलीस कुरतडायला?" लाल वायर म्हणाली.

"नाही गं. ऐक तरी.
दिवा लागेना.
माई जाईल कशी? बाळ येईल कसं?"

लाल वायर म्हणाली, "आणेन की. पण फ्यूज वीज सोडेना. तो सोडेल, तेव्हा आणेन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिटुकली गेली फ्यूजकडे. फ्यूज काचेच्या नळीत आडवा पडला होता.

"फ्यूजदादा, फ्यूजदादा,
लाल वायर आणेना, दिवा लागेना.
माई जाईल कशी? बाळ येईल कसं?"

फ्यूज म्हणाला, "सोडेन की. पण बॅटरी वीज देईना. ती देईल, तेव्हा सोडेन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिटुकली गेली बॅटरीकडे.

"बॅटरीबाई, बॅटरीबाई,
फ्यूज सोडेना, लाल वायर आणेना, दिवा लागेना.
माई जाईल कशी? बाळ येईल कसं?"

बॅटरी म्हणाली, "देईन की. पण गेलेली वीज फिरून घरी यायला नको का? काळी वायर ती पोचवेना. ती पोचवेल, तेव्हा देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिटुकली गेली काळ्या वायरकडे.

"काळूताई, काळूताई,
बॅटरी देईना, फ्यूज सोडेना, लाल वायर आणेना, दिवा लागेना.
माई जाईल कशी? बाळ येईल कसं?"

काळी वायर म्हणाली, "पोचवेन की. पण नट लोखंडाला भिडेना. तो भिडेल, तेव्हा पोचवेन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिटुकली गेली नटाकडे.

"नटोबा, नटोबा,
काळी वायर पोचवेना, बॅटरी देईना, फ्यूज सोडेना, लाल वायर आणेना, दिवा लागेना.
माई जाईल कशी? बाळ येईल कसं?"

नट म्हणाला, "भिडेन की. पण माझ्याखाली रंगराव बसलेत. गादी घालून बसावं तसे. रंग हटेना. तो हटेल, तेव्हा भिडेन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिटुकली गेली रंगाकडे. रंग हिरवागार होता. चकचकीत होता.

"रंगराव, रंगराव,
नट भिडेना, काळी वायर पोचवेना, बॅटरी देईना, फ्यूज सोडेना, लाल वायर आणेना, दिवा लागेना.
माई जाईल कशी? बाळ येईल कसं?"

रंग म्हणाला, "हटेन की. पण मला आप्पांनी लावलंय. दसऱ्याला, पूजेच्या आधी. कुठे म्हणून जागा सोडली नाही. सोडायची तीही सोडली नाही. तेव्हापासून दिवा कुणी लावून पाहिलाच नाही. माईला विचार. ती हो म्हणेल, तेव्हा हटेन."

तुरुतुरु तुरुतुरु. चिटुकली गेली माईकडे. या वेळी मोठ्याने बोलली.

"माई गं माई,
रंग हटेना, नट भिडेना, काळी वायर पोचवेना, बॅटरी देईना, फ्यूज सोडेना, लाल वायर आणेना, दिवा लागेना.
तू जाशील कशी? बाळ येईल कसं?"

माईने मान हलवली. मग म्हणाली, "रंग नको गं खरवडायला. त्यांच्या हातचा आहे."

"ठाऊक आहे," चिटुकली म्हणाली. "शेंगदाणाही त्यांच्याच हातचा होता."

माईने तिच्याकडे पाहिलं. ऊन भिंतीवरून उतरत होतं.

"किती खरवडायचा?"

"एवढासाच. नटाएवढा."

माई उठली. तिने पाना घेतला. नट सैल केला. कर्र कर्र. काचकागद घेतला. रंग घासला. घस्स घस्स. खालून पांढरं लोखंड चमकलं.

"मी सांगत होते, नटाखाली लावू नका," माई म्हणाली. "ऐकतील तर ना." आणि ती हसली.

माईने नट घट्ट केला. कर्र कर्र.

रंग हटला. नट भिडला. काळी वायर पोचवू लागली. बॅटरी देऊ लागली. फ्यूज सोडू लागला. लाल वायर आणू लागली. माईने बटण दाबलं. खट्.

दिवा लागला.

फट् फट् फट् फट्. माई गेली. पुढे उजेड, मागे माई.

फट् फट् फट् फट्. माई आली. मागे विमल, विमलच्या कुशीत बाळ. बाळाने दिव्याकडे बघितलं आणि म्हटलं, "आऽ."

माईने पेटी उघडली. आत एक शेंगदाणा ठेवला.

"तू वायर खाल्ली नाहीस. मी उगीच बोलले," माई म्हणाली. "शेंगदाणा खा. वायर खाऊ नको."

"नाही खाणार," चिटुकली म्हणाली. कुटुम कुटुम, कुटुम कुटुम. शेंगदाणा संपला.

आता तिला रोज एक शेंगदाणा मिळतो. फटफटीचा दिवा रोज लागतो. नटाच्या कडेला लोखंड थोडं उघडं दिसतं. आप्पांचा रंगाचा डबा फळीवर आहे. ब्रशही आहे. तेवढी जागा माईने तशीच ठेवली आहे.